मापवहीतलं अक्काचं पान

मापांचा रविवार आणि निकालाचा रविवार एकाच दिवशी यावा, असं गेल्या बेचाळीस वर्षांत कधी झालं नव्हतं.

दादांनी सकाळीच दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, कापायच्या टेबलावरचे तागे उचलून रॅकवर टाकले आणि मोकळ्या टेबलावर मापवही मांडली. वर्षातून एकदा घरातल्या सगळ्यांनी दुकानात जमायचं, एकेकानं दादांपुढे ताठ उभं राहायचं आणि दादांनी टेप फिरवून मापं वहीत उतरवायची, असा या घराचा नेम होता. मग वर्षभरात केव्हातरी, आपली पाळी आली की प्रत्येकाला त्या मापाचा एक कपडा मिळायचा. कोणाचं पोट किती सुटलं आणि कोणाचा खांदा कधीपासून झुकला, हे त्या वहीला जेवढं ठाऊक होतं तेवढं डॉक्टरलाही नव्हतं.

"पोट आत ओढू नकोस," दादा धाकट्या भावाला म्हणाले.

"ओढत नाहीये."

"ओढतोयस. मागच्या वर्षी असाच ओढलास आणि मग वर्षभर पँटच्या नावानं बोटं मोडत बसलास. सोड बघू."

धाकट्यानं पोट सोडलं आणि टेप दीड इंच पुढे सरकली. त्याला अख्खं घर बटण म्हणायचं. चार वर्षांचा असताना त्यानं कोटाचं बटण गिळलं होतं आणि मोठ्या बहिणीनं, अक्कानं, त्याला पाय धरून उलटं टांगून ते बाहेर काढलं होतं. आता बटण सहासष्टचा झाला होता, डोक्यावर औषधालाही केस उरला नव्हता, स्वतःचा शिलाईचा कारखाना काढून तो बंदही करून झाला होता. पण नाव काही सुटलं नव्हतं.

गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला छोटा टीव्ही कोपऱ्यात चालू होता आणि त्याच्यासमोर इस्त्रीच्या स्टुलावर दादांची लेक बसली होती. ती वकिलाच्या ऑफिसात कारकून होती, म्हणून घरात तिला वकीलीण म्हणत. सकाळपासून तिनं चहाचे तीन कप अर्धवट प्यायले होते आणि मांडीवरची निळी फाइल एकदाही खाली ठेवली नव्हती. त्या फाइलमध्ये अक्काचा अर्ज होता. कोरा.

दुपारी दोनच्या सुमाराला तिनं टीव्हीचा आवाज बंद केला.

"झालं," ती म्हणाली. "बहुमत मिळालं त्यांना."

दादांची टेप बटणच्या खांद्यावरच थांबली. वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोनं, हातातली काजाची सुई कापडात टोचून ठेवली. घरातली सगळीच त्यांना वहिनी म्हणायची, अगदी पोटची लेकसुद्धा, कारण तिनं लहानपणापासून काकाच्या तोंडून तेच ऐकलं होतं.

"पण म्हणजे खिडकी बंदच करतील असं कशावरून?" वहिनींनी विचारलं. "निवडणुकीत माणसं काय वाट्टेल ते बोलतात."

"पहिल्याच दिवशी करणार म्हणाले आहेत. प्रत्येक सभेत म्हणाले. शपथविधी पुढच्या मंगळवारी आहे. म्हणजे नऊ दिवस."

भावंडांची खिडकी असं त्या नियमाला सगळे म्हणायचे. पूर्वी या देशात येऊन स्थायिक झालेल्यांच्या मूळ अर्जात ज्या सख्ख्या भावाबहिणीचं नाव राहून गेलं असेल, त्याला किंवा तिला आता बोलावून घेता येईल, असा नियम मावळत्या सरकारनं तीन वर्षांपूर्वी काढला होता. एका निवडणुकीनं ती खिडकी उघडली होती आणि आता दुसरी ती लावून घेणार होती. नऊ दिवसांत जे अर्ज आत जातील ते जुन्या नियमानं बघितले जातील, बाकीच्यांच्या तोंडाला पानं पुसली जाणार.

"तीन वर्षं मी हा अर्ज काखेत मारून फिरतेय," वकीलीण म्हणाली. तिचा आवाज चढला. "तीन वर्षं दादा 'बघू' म्हणतायत. बघू, बघू. आता काय बघणार आहात? आत्या अठ्ठ्याहत्तरची आहे. एकटी आहे."

दादांनी टेप गळ्यात टाकली, खडू कानामागे खोचला आणि वहीत बटणचा खांदा लिहायला घेतला. तो आकडा ते विसरले होते. परत मोजायला हवा होता.

कानामागचा हा खडू पोरवयापासूनचा. त्यावरून अक्का त्यांना खडूच म्हणायची. आई होती तेव्हा तीही म्हणायची, गल्लीतले चार मित्रही म्हणायचे. आता त्यांना खडू म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते माणूस समुद्रापलीकडे एका तीन खणांच्या दुकानात मशीन चालवत होतं. कात्री धरायलाही त्यांना तिनंच शिकवलं होतं. त्यांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून, कापड न उचलता, टेबलाला कात्री घासत कशी न्यायची ते. अजूनही लांब कापणी असली की दादांना अंगठ्यावर तो दाब जाणवायचा आणि क्षणभर फार बरं वाटायचं.

"आता रुसवेफुगवे नकोत," वहिनी म्हणाल्या. "आण तो अर्ज. भरून टाकू आत्ताच्या आत्ता. आणि बटण, तुम्ही सांगा बघू, मत कोणाला दिलंत?"

बटणनं शर्टाची बटणं लावत लावत सांगितलं, "त्यांनाच."

"कोणाला?"

"जिंकले त्यांना. लपवायचं काय त्यात?"

वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. "घरचाच माणूस! अहो, त्या बाईनं तुम्हाला उलटं टांगलं नसतं तर आज मत द्यायला तरी उरला असता का?"

"वहिनी, दर वेळी ते बटण काढू नका हो मधे." बटण खुर्चीत धप्पकन बसला. "मी अक्कासाठी मत दिलं नाही. माझा कारखाना कोणी बुडवला? बिनकागदाच्या माणसांना तळघरात कोंबून, सोळा-सोळा तास शिवून घेणाऱ्यांनी. माझ्याकडे अकरा बाया होत्या, सगळ्या कागदपत्रांच्या, सगळ्या पाचच्या ठोक्याला घरी जाणाऱ्या. मी भाव उतरवून उतरवून किती उतरवणार? आपण अकरा वर्षं रांगेत उभे राहिलो तेव्हा इथले झालो. नाक मुठीत धरून उभे राहिलो. हे म्हणतात रांग पाळा. मला पटलं. मी दिलं."

"काका," वकीलीण हळू म्हणाली, "तळघरवाल्यांसाठी वेगळं आणि अक्काआत्यासाठी वेगळं, असं मतपत्रिकेवर लिहिता येत नाही."

बटणनं तिच्याकडे बघितलं आणि मान फिरवली. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, हे दादांना कळत होतं. त्या अकरा बायांना निरोप देताना भाऊ कसा हमसून रडला होता ते त्यांनी पाहिलं होतं. रागवावं तर कोणत्या तोंडानं, असा त्यांना प्रश्न पडला होता, आणि तो बटणबद्दल नव्हता.

वकीलीणनं फाइल टेबलावर उघडली. अर्ज चार पानांचा होता. नाव, वय, पत्ता, सगळं तिनं भराभर लिहिलं आणि तिसऱ्या पानावर थांबली.

"रकाना चौदा. मूळ अर्जात नाव का नव्हतं? कारण शपथेवर लिहायचं. आणि खाली त्या अर्जावर इथं आलेल्या सगळ्यांच्या सह्या. म्हणजे दादा, वहिनी आणि काका."

"त्यात काय एवढं," वहिनी हसल्या. एवढ्या ताणातही त्यांना हसू आलं, कारण ती गोष्टच तशी होती. "लिही की. आख्ख्या गावाला पाठ आहे."

गोष्ट खरोखरच सगळ्यांना पाठ होती. लग्नांमध्ये, बारशांमध्ये, दुकानाला पंचवीस वर्षं झाली तेव्हाच्या समारंभात, जिथे चार माणसं जमली तिथे ती सांगितली गेली होती. दादा अर्ज घेऊन कचेरीत गेले. अर्जात लिहिलं होतं, तुमच्यावर अवलंबून असलेल्या माणसांची नावं द्या. दादांनी बायकोचं दिलं. चोवीस वर्षांच्या, सुईत दोरा ओवता न येणाऱ्या बटणचं दिलं. खिडकीतल्या साहेबानं विचारलं, बहिणीचं राहिलं वाटतं? तेव्हा दादा ताठ उभं राहून म्हणाले, "साहेब, ती आमच्यावर अवलंबून नाही. आम्ही तिच्यावर आहोत. असा रकाना असेल तर दाखवा, तिथे लिहितो." इथे लोक टाळ्या वाजवायचे. वहिनींचे डोळे दर वेळी भरून यायचे, आणि दादा मान खाली घालून खडू शोधायचे. त्यांचा विनय बघून लोक आणखी टाळ्या वाजवायचे.

"तेच लिहिते," वकीलीण म्हणाली. "स्वाभिमानी होती म्हणून नाव दिलं नाही."

"थांब," बटण म्हणाला. तो टेबलाजवळ आला. "असं लिहू नकोस. नवे लोक जुन्या फाइली तपासणार म्हणाले आहेत. आपण शपथेवर लिहून द्यायचं की बाबा, आम्ही जाणूनबुजून नाव गाळलं? म्हणजे मूळ अर्ज अपुरा होता, हे आपणच सांगितलं. उद्या आपलंच नागरिकत्व टांगणीला लागायचं."

"असं होऊ शकतं?" वहिनींनी लेकीला विचारलं.

वकीलीण जरा घुटमळली. "होईलच असं नाही. पण होणारच नाही, असं आज कोणी छातीठोक सांगू शकणार नाही."

वहिनींच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. इतका वेळ त्या दिराला फाडून खायला निघाल्या होत्या, आता त्यांची खुर्ची नकळत त्याच्या बाजूला सरकली. "मग नजरचुकीनं राहिलं असं लिहा ना. बटण म्हणतात ते बरोबर आहे. नातवंडांच्या शाळा आहेत इथे. या वयात कुठे जाणार आपण?"

"नजरचुकीनं," बटण म्हणाला. "एका शब्दात काम होतं. तसं असेल तर मी आत्ता सही करतो. माझी काय अक्काशी दुश्मनी आहे?"

"मला चालेल," वकीलीण म्हणाली. "दादा?"

तिघं एका बाजूला झाली. तासाभरापूर्वी एकमेकांची तोंडं न बघणारी माणसं एका शब्दावर जुळली होती, आणि एरवी दादांना त्याचा आनंद झाला असता. त्यांनी मापवही जवळ ओढली. ती आपोआप अक्काच्या पानावर उघडली, कारण सगळ्यात जास्त वेळा तेच पान उघडलं जायचं. वर निळ्या शाईत, निघायच्या आठवड्यात घेतलेली मापं होती: छत्तीस वर्षांच्या अक्काची. त्याखाली दर वर्षी पेन्सिलीनं लिहिलेले अंदाज. वय वाढलं, कंबर अर्धा इंच वाढवू. आजारी होती म्हणे, छाती पाव इंच कमी करू. त्या अंदाजांवर बेचाळीस ब्लाउज शिवून झाले होते, अर्ध्या बाह्यांचे, तिकडच्या उकाड्याला बरे. दर वेळी तिचा निरोप यायचा, झकास बसला.

"नजरचूक नव्हती," दादा म्हणाले.

"माहीत आहे हो," वहिनी म्हणाल्या. "पण लिहायला काय..."

"तुम्हाला जे माहीत आहे तेही नव्हतं." दादांनी खडू कानामागून काढला आणि टेबलावर ठेवला. "साहेबानं काही विचारलंच नव्हतं. अर्ज मी घरीच भरला होता. त्यानं मान वर न करता शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं. ते रकान्याचं वाक्य मला इथे सुचलं, दोन वर्षांनी, एका गिऱ्हाइकाच्या कोटाला टाचण्या लावताना. त्याला आवडलं. मग मी ते सांगतच राहिलो."

वकीलीणनं पेनाला टोपण लावलं.

"मला भीती वाटत होती," दादा म्हणाले. "इथे नाही जमलं तर? परत जायला दुकान उघडं हवं, आईजवळ कोणी हवं. अक्का आली असती तर दुकानाला कुलूप लागलं असतं, मग परतीची वाटच नाही. म्हणून मी तिला तिकडे ठेवली. मागे ठेवली. तिच्या स्वाभिमानाचा त्यात काही संबंध नव्हता. तीन वर्षं मी 'बघू' म्हणत होतो ते या रकान्यासाठी." त्यांनी बटणकडे बघितलं. "तू काल दिलंस ते मत मी बेचाळीस वर्षांपूर्वी देऊन बसलोय. तुला बोलायला मला तोंड नाही."

वहिनींनी हातातलं काजाचं कापडच डोळ्यांना लावलं. चाळीस वर्षं त्या ज्या वाक्यावर भाळल्या होत्या ते वाक्य त्यांच्यासमोर उसवून पडलं होतं, आणि तरी त्या उठून नवऱ्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

बटण मात्र बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "माझं नाव लिहिलंत," तो शेवटी म्हणाला. "तिचं नाही. मी तर काहीच कामाचा नव्हतो."

"म्हणूनच. तुला दुकानात ठेवला असता तर आठवड्यात गाशा गुंडाळावा लागला असता."

बटणला हसू फुटलं. "तिला सांगा," तो म्हणाला. "आधी तिला सांगा. मग काय ते लिहा, मी सही करतो. फाइल उघडली तर उघडली."

वकीलीणनं फोन लावून टेबलावर मापवहीशेजारी ठेवला. पलीकडून आधी मशीनची घरघर आली, मग ती थांबली.

"कोण? खडू? मापं झाली का रे सगळ्यांची?"

दादांनी तिला सांगितलं. काही न सजवता सांगितलं. मध्ये दोनदा अडखळले, पण सगळं सांगितलं.

"ठाऊक आहे मला," अक्का म्हणाली.

"काय?"

"तो कागद तू चार घड्या घालून खिशात कोंबला होतास. साहेबापुढे असा चुरगळलेला कागद न्यायचा का? म्हणून सकाळी मीच त्याच्यावर इस्त्री फिरवली होती. वाचूनच फिरवली. हलक्या हातानं, शाई उतरू नये म्हणून."

दादांनी टेबलाची कड धरली. "आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुला उत्तर द्यावं लागलं असतं. मग तू गेलाच नसतास. मला माहीत नाहीस का तू?" अक्का म्हणाली. "राग आला होता. खूप आला होता. आई गेली तेव्हा तर फार. पण मलाही वाटायचं ना, परत येतील. दहा वर्षं तुझ्या टेबलाला मी कोणाला हात लावू दिला नाही. मग म्हटलं, चला, आता काही येत नाहीत. तेव्हा त्यावर तागे ठेवायला लागले."

अर्ध्या शटरखालून रस्त्यावरच्या माणसांचे नुसते पाय येत-जात होते.

"अक्का," दादा म्हणाले, "येशील का? नऊ दिवस आहेत. मिळेलच असंही नाही. पण येशील का?"

टेबलाचा खण उघडल्याचा आवाज आला, मग काहीतरी शोधल्याचा.

"वही उघडी आहे ना तुझ्यासमोर?"

"आहे."

"मग लिहून घे. आणि तुझ्या त्या अंदाजावर फुली मार आधी. बेचाळीस ब्लाउज पाठवलेस, एक धड बसला नाही मला. सगळे उसवून परत शिवलेत मी."

"झकास बसला म्हणायचीस!"

"मग काय म्हणू? लिही. खांदा साडेतेरा."

दादांनी पेन्सिल उचलली, पण त्यांना पानावरचं काही दिसेना. बटणनं त्यांच्या हातातून पेन्सिल काढून घेतली, चष्मा चढवला आणि वहीवर वाकला.

"साडेतेरा," तो मोठ्यानं म्हणाला. "पुढे."

"हा बटणचा आवाज का? लिहायला शिकला वाटतं! छाती तेहतीस. कंबर एकतीस. आणि डावा खांदा अर्धा इंच खाली धर."

"का?"

"पडले होते वेंधळ्यासारखी मोरीत, दोन महिने झाले. नीट बसलं नाही हाड."

"पडलीस? आणि आम्हाला..." दादा फोनवर वाकले.

"सांगून काय करणार होतास? तिथून टेप फिरवणार होतास? लिही रे बटण, डावा अर्धा इंच खाली."

बटणनं लिहिलं. पेन्सिलीनं नाही; खिशातलं पेन काढून, जुन्या निळ्या आकड्यांच्या बरोबर खाली. मग त्यानं वही हलकेच दादांकडे सरकवली, अर्ज आपल्यापुढे ओढला आणि पुतणीला म्हणाला, "चौदामध्ये दादा म्हणाले तेच लिही. भीतीपोटी मागे ठेवली. शब्द बदलू नकोस." तिनं लिहिलं. तिचं लिहून व्हायच्या आत त्यानं खाली आपली सही ठोकून दिली, आणि पेन वहिनींच्या हातात दिलं.

दादांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. वहीत एकच आकडा भरायचा राहिला होता.

"अक्का, बाही?" त्यांनी विचारलं. "नेहमीसारखी अर्धीच ना?"

"नको," अक्का म्हणाली. "या वेळी पूर्ण ठेव. तिकडे थंडी असते म्हणतात."